पंधरा तारखेचा अंक

१

पान कापलं गेल्याची तक्रार जिने केली, तिच्यावरच ते कापल्याचा आळ आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जुन्या कागदांच्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. कॉलेजातली, शेवटच्या वर्षाची, इतिहासाचा प्रकल्प करणारी. काउंटरशी येऊन ती हळूच म्हणाली, "बाई, त्या खंडातलं एक पान कुणीतरी कापलंय. मला नेमकं तेच हवं होतं."

काउंटरमागे सूचीबाई बसल्या होत्या. खरं नाव त्यांनाही क्वचितच ऐकू येई. चौतीस वर्षं त्या ग्रंथालयाची सूची लिहीत आल्या होत्या. सगळी सूची संगणकावर गेली, तरी रोज सकाळी पाण्याचा घोट घेण्याआधी दहा कार्डं हातानं लिहायची, हा त्यांचा नेम मोडला नव्हता. आवाज इतका मऊ की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागे.

त्या उठायच्या आत मुख्य ग्रंथपाल बाहेर आले. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. वर्षभरापूर्वी आले होते, तरुण होते आणि नियमांचे पक्के होते.

टेबलावर जुन्या दैनिकाचा जाडजूड खंड उघडा पडला होता. चौदा सप्टेंबरचा अंक संपतो तिथे, शिवणीलगत, बोटभर रुंदीची एक कोरी पट्टी उभी होती. तिची कड सरळ होती, पात्यानं कापावी तशी. पट्टीच्या पुढे एकदम सतरा तारीख सुरू होत होती.

"पंधरा तारीख," साहेब म्हणाले. "धरण-तलावाच्या पुराची बातमी. शहरातल्या प्रत्येक इतिहासाच्या पुस्तकात जिचा हवाला आहे, ती."

त्यांनी नोंदवही मागवली. खंड बांधून आल्याला चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षांत तो एकाच व्यक्तीनं मागितला होता. आज सकाळी, या मुलीनं.

"दप्तर दाखव."

दप्तरात वह्या होत्या, डबा होता, आणि पेन्सिलींच्या पिशवीत एक ब्लेड होतं.

"टोक करायला आहे ते," मुलगी म्हणाली. "आत शाई चालत नाही. फक्त पेन्सिल आणा, असं तुमच्याच पाटीवर लिहिलंय."

"पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली होतीस ना मध्ये?"

मुलीनं मान डोलावली. गेली होती खरी.

साहेबांनी तिचा वाचनअर्ज हातात घेतला, त्यावरचं आडनाव पाहिलं आणि तो सूचीबाईंपुढे धरला. "ओळखलंत? त्या रात्री तलावावर जो पहारेकरी दरवाजे न उघडता झोपून राहिला, बांध फुटला आणि ज्याच्यामुळे खालची वस्ती वाहून गेली, त्याची ही नात."

२

साहेबांनी खंड कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि कुलपावर कागद चिकटवून सही केली. शनिवारी दुपारी चार वाजता ग्रंथालय समितीची बैठक होती. तोवर मुलीनं निर्दोष असल्याचं दाखवलं नाही, तर तिचा प्रकल्प रद्द होणार होता आणि कॉलेजला तसं पत्र जाणार होतं. प्रकल्प रद्द म्हणजे वर्ष वाया. शिवाय 'कागद चोरणारी' हा शिक्का जन्माचा. असा शिक्का पुसायला कुठलं रबर मिळत नाही.

दुपारी सूचीबाईंना ती मागच्या जिन्यावर बसलेली दिसली. रडत नव्हती. समोर भिंतीकडे बघत होती.

"जेवलीस का?"

"भूक नाही."

"मलाही नाही. पण डबा उघडला की येते." बाई तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या. "पहिल्यापासून सांग. हाच विषय का घेतलास?"

"बाबांमुळे." मुलीनं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "पूर आला तेव्हा बाबा सहा महिन्यांचे होते. आजोबा त्या रात्रीच गेले, सापडलेच नाहीत. शाळेत बाबांना सगळे 'निजलेल्याचा पोर' म्हणायचे. आज कारखान्यात लेथवर तीस वर्षं काम करतात, पण दुपारी कधी आडवे होत नाहीत. घरीसुद्धा. कुणी बघेल म्हणून."

"आणि तुला आजोबांना सोडवायचं होतं."

"नाही!" ती पटकन म्हणाली. मग हळू आवाजात, "म्हणजे, हो. पण झोपले असतील तर झोपले असंच लिहिणार होते मी. सर म्हणाले, किमान पाच संदर्भ हवेत. मी पाच पुस्तकं काढली. पाचांतही तेच, पहारेकरी झोपला होता. सर म्हणाले, झालं की मग! पाच साक्षीदार एकमुखानं बोलतायत, लिहून मोकळी हो."

"मग झाली का नाहीस?"

मुलीनं वही उघडली. पाच उतारे एकाखाली एक लिहिले होते. तिनं प्रत्येकातल्या एकेका ओळीखाली रेघ मारली होती.

"हे बघा. 'टिपूर चांदण्यात पहारेकरी निर्धास्त झोपला होता.' दुसऱ्यात, 'चांदणं टिपूर होतं, आणि पहारेकरी झोपला होता.' तिसऱ्यातही टिपूर चांदणं, चौथ्यात आणि पाचव्यातही. मी त्या वर्षीची दिनदर्शिका काढून बघितली. बाई, ती रात्र अमावास्येची होती."

सूचीबाईंनी वही जवळ ओढून रेघा पुन्हा पाहिल्या. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी प्रकल्पवाले पाहिले होते. पुस्तकं मोजणारे खूप होते. पुस्तकाला प्रश्न विचारणारी ही एखादीच.

"एकच चूक पाच जण स्वतंत्रपणे करत नाहीत," त्या म्हणाल्या. "मेंढरामागे मेंढरू. पुढचं खड्ड्यात पडलं की मागचीही पडतात. पहिलं मेंढरू कुठलं?"

"सगळ्यात जुनं पुस्तक एकतीस वर्षांपूर्वीचं. तळटीपही त्यातच आहे, दैनिक, पंधरा सप्टेंबर, पान तीन. पुढच्या चौघांनी तळटीपसुद्धा जशीच्या तशी उचललीय. म्हणून मी मूळ अंक बघायला आले."

"पुस्तक कुणाचं?"

मुलीनं वही मिटली. "नानांचं. शनिवारच्या समितीचे अध्यक्ष आहेत ते."

३

नाना म्हणजे शहराचे नाना. निवृत्त प्राचार्य, वय अठ्ठ्याहत्तर. सूचीबाईंनाही त्यांनी शिकवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा ते भिंगातून वर्तमानपत्र वाचत होते.

"ये. तुझी सूची संपली का?"

"ती संपली तर मी काय करू, नाना?"

नाना हसले. सुनेनं चहा ठेवला आणि ती आत गेली. बाईंनी विषय काढला तसं त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ऐकलं मी. वाईट वाटतं. पण कागदाला ब्लेड लावणारा हात मला माफ करता येत नाही. माणूस मारला तर एक माणूस मरतो. कागद कापला की सगळ्यांची आठवणच जाते."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "तो अंक तुम्ही कुठे पाहिला होता?"

"दैनिकाच्या गोदामात. तेव्हा नुसते गठ्ठे होते, धूळ ही अशी! पुढे दैनिक बंद पडलं आणि गठ्ठे तुमच्याकडे आले."

"बातमी कशी होती, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पान तीन, डावीकडे, दुसरा रकाना." नाना बोटांनी हवेत रकाना आखत म्हणाले. "चार पानांचा अंक, नेहमीसारखा. बारीक टाईप."

"आणि चांदण्याचं? तेही बातमीत होतं?"

कप तोंडाशी जाता जाता थांबला. "असेल. किंवा मी घातलं असेल. इतिहास म्हणजे काय वाण्याची यादी आहे? वाक्याला जरा गोडी लागते."

"त्या रात्री अमावास्या होती, नाना."

नानांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी पुन्हा भिंग उचललं. "चंद्र चुकला म्हणून बातमी चुकत नाही. मूळ अंक असता तर दाखवला असता. पण तो आता कापला गेलाय ना. शनिवारी भेटू."

रस्त्यानं परतताना बाईंच्या मनात एक सरळ विचार येत होता, आणि तो त्यांना मुळीच आवडत नव्हता. बातमीत काही निराळंच असेल आणि ते झाकायचं असेल, तर पान कापायचं कारण मुलीपेक्षा नानांकडे जास्त होतं. गठ्ठे गोदामात सुटे पडले होते तेव्हा नाना तिथे एकटे बसत होते. खंड त्यानंतर बांधला गेला.

पान बांधणीच्या आधीच गेलेलं असेल, तर मुलगी सुटत होती. आणि हे सांगू शकेल असा माणूस शहरात एकच होता.

४

डिंकमास्तरांचं दुकान म्हणजे दोन टेबलं, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा आणि खळीचा वास. शहरातल्या प्रत्येक ग्रंथालयाची पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. सूचीबाई शुक्रवारी सकाळी गेल्या तेव्हा ते दाभणात दोरा ओवत होते.

"या ताई. आज उंदरांनी काय खाल्लं?"

"उंदीर नाही, मास्तर. माणूस." बाईंनी सगळं सांगितलं. "मला एवढंच हवंय. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही तो खंड बांधलात, तेव्हा एखादा अंक कमी होता का?"

"कमी?" मास्तरांनी दाभण टेबलात रोवलं. "माझ्या हातून अर्धवट खंड गेला असेल तर हे दुकान तुमच्या नावावर करतो. म्हणजे, खळीचं डबडं तरी."

"इतकी वर्षं झाली. नक्की कसं सांगता?"

"त्यात काय नक्की करायचंय? आमचे वडील सांगून गेलेत, बांधणाऱ्यानं वाचायचं नाही. वाचत बसलं की हात थांबतो. तारीखवार मी बघतच नाही. प्रत्येक अंकाच्या डोक्यावर नंबर छापलेला असतो, तेवढा बघतो. दोनशे दहा, दोनशे अकरा, दोनशे बारा. मध्ये नंबर तुटला की गठ्ठा परत. तुमच्या त्या गठ्ठ्यांतला एकही परत पाठवला नव्हता. विचारा तुमच्या कार्यालयात."

सूचीबाईंनी कपाळावरून हात फिरवला. खंड पूर्ण बांधला गेला होता. म्हणजे पान नंतर कापलं गेलं. आणि नंतर तो खंड एकाच मुलीनं उघडला होता. विहीर खणायला गेल्या आणि मुलीलाच तिच्यात ढकलून आल्या, असं झालं.

"चेहरा का उतरला, ताई?"

"काही नाही. हे शिवता कसं, ते तरी दाखवा. आलेच आहे तर."

मास्तरांनी एक मोठा कागद घेतला आणि मधोमध दुमडला. "हा झाला तुमचा चार पानी अंक. या अर्ध्यावर पान एक, पाठीला दोन. दुसऱ्या अर्ध्यावर तीन, पाठीला चार. घडीतून दोरा गेला की दोन्ही अर्धे पक्के. असे अंक एकावर एक."

"आणि एखादा कागद एकेरी असला तर? ज्याला घडीच नाही?"

"मग दोरा कशातून घालणार? त्याला जोड द्यावा लागतो." मास्तर शिकंज्याकडे वळले. "वेळखाऊ काम. पण तसे कागद फार येत नाहीत."

बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग वळून त्या परत आत आल्या.

"मास्तर, तो जोड कसा देता, तेवढं दाखवाच."

मास्तरांनी दाखवलं. दहा मिनिटांनी बाई रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांची चाल बदलली होती. त्यांनी मुलीला फोन लावला. विचारलं एवढंच, "बाळ, नीट आठव. खंडात पट्ट्या किती होत्या? एक की दोन?"

"एकच होती, बाई. का?"

"जेव. आणि उद्या बाबांना घेऊन ये."

५

शनिवारी चार वाजता समितीच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांच्या खुर्चीत नाना बसले. साहेब उजवीकडे. सूचीबाई, मुलगी आणि तिचे वडील समोर. वडील अंगानं रुंद होते. हातांच्या रेघांत न निघणारं काळं तेल होतं. खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते ते.

साहेबांनी प्रकरण वाचून दाखवलं. त्यांनी काही वाढवलं नाही की लपवलंही नाही. शेवटी म्हणाले, "हेतू, हत्यार आणि संधी, तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. माझा वैयक्तिक राग नाही."

"खंड उघडता का?" सूचीबाई म्हणाल्या. "मी हात लावत नाही. तुम्हीच उघडा. बुधवारपासून मीही तो पाहिलेला नाही. माझं चुकलं तर मुलीबरोबर माझंही नाव पत्रात घाला."

साहेबांनी चमकून पाहिलं. बाईंच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. त्यांनी कुलपावरची सही तपासली, खंड आणला आणि चौदा तारखेपाशी उघडला. पट्टी उभी राहिली.

"नाना, पंधराचा अंक चार पानांचा होता म्हणालात."

"होता."

"चार पानं म्हणजे मधोमध दुमडलेला एक कागद. तुमची बातमी पान तीनवर, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यावर. कुणी तो अर्धा कापला, तर पहिला अर्धा खंडात राहायला हवा. पान एक आणि दोन. साहेब, पंधरा तारखेचं पान एक आहे?"

"नाही. पण दोन्ही अर्धे कापले असतील."

"मग पट्ट्या दोन उरतील. इथे किती आहेत?"

साहेबांनी शिवणीत बोट घातलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. "एक."

"आता ती पट्टी चिमटीत धरा. आणि शेजारचं वर्तमानपत्राचं पान धरा."

साहेबांनी दोन्ही धरली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ही जाड आहे. हा कागदच वेगळा आहे."

"तो बांधणीचा कागद आहे. सुटा कागद शिवता येत नाही, म्हणून मास्तर एक पट्टी उभी दुमडतात. घडीतून दोरा जातो. पट्टीच्या एका बाजूला सुटा कागद चिकटवतात. दुसरी बाजू रिकामी उभी राहते, ही अशी. साहेब, सतरा तारखेचा कागद शिवणीपाशी कशाला चिकटवलाय, बघता का?"

साहेबांनी सतरा तारीख उलटवली. एकच कागद होता, पुढून मागून छापलेला. आणि तो त्याच पट्टीच्या दुसऱ्या अंगाला चिकटवलेला होता.

"म्हणजे कापलेलं काहीच नाही?"

"कापलेलं नाहीच. जोडलेलं आहे."

"पण बाई, पंधरा तारीख गेली कुठे?" साहेबांचा आवाज आता आरोपाचा नव्हता. कोड्यात अडकलेल्या माणसाचा होता. "सोळाही नाही!"

"मास्तर तारीख बघत नाहीत, अंकाचा नंबर बघतात. तुम्हीही तसंच करा. चौदाच्या डोक्यावर काय आहे?"

"अंक दोनशे अकरा."

"आणि सतराच्या?"

साहेबांनी पाहिलं. मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"दोनशे बारा."

नानांनी डोळे मिटले होते.

"पंधरा तारखेचा अंक कुणी चोरला नाही," सूचीबाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "तो निघालाच नव्हता. वरच्या चौकटीत बहुतेक तसं छापलेलंही असेल. मोठ्यानं वाचा, साहेब."

साहेब वाचू लागले. "'छापखान्यात पुराचे पाणी शिरल्याने दिनांक पंधरा व सोळाचे अंक प्रसिद्ध होऊ शकले नाहीत. आजचा अंकही एकेरी कागदावर देत आहोत. वाचकांनी क्षमा करावी.'"

मुलीनं वडिलांचा हात घट्ट धरला होता. वडिलांना अजून पुरतं उमगलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"नाना," सूचीबाई म्हणाल्या, "जो अंक निघालाच नाही, त्याच्या पान तीनवर दुसऱ्या रकान्यात तुम्ही बातमी कशी वाचलीत?"

६

नाना बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. ते नाकबूल करतील, चिडतील, उठून जातील, असं साहेबांना वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तलावावरचे मोठे अधिकारी माझ्या ओळखीचे होते," नाना म्हणाले. "त्यांनी सांगितलं, पहारेकरी झोपला होता. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. आता वाटतं, त्यांनाच कुणीतरी झोपलेला हवा होता. पुस्तक छापायला गेलं तेव्हा संपादक म्हणाले, या वाक्याला आधार द्या. मी म्हटलं, चौदाच्या रात्री पूर आला, पंधराच्या अंकात बातमी असणारच. एवढी मोठी घटना, नसेल कशी? गोदामात गेलो होतो मी, खोटं नाही. पण तो गठ्ठा वरच्या फळीवर होता. शिडी नव्हती."

"शिडी नव्हती," मुलीच्या वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते शब्द नुसते तपासून बघत होते, लेथवर काम करणारा माणूस माप तपासतो तसे.

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पुढे इतकी वर्षं तीच तळटीप दुसऱ्यांच्या पुस्तकांत वाचत गेलो. शेवटी मलाच वाटायला लागलं की मी ती बातमी वाचलीय. रकानासुद्धा दिसायला लागला."

"पण मग तुम्ही या पोरीला शिक्षा द्यायला बसला होतात!" साहेब म्हणाले आणि लगेच ओशाळले. त्यांच्या लक्षात आलं, की खुर्च्या मांडल्या होत्या त्यांनीच. ते मुलीकडे वळले. "तुझं ब्लेड माझ्या खणात आहे. परत देतो. म्हणजे... माझं चुकलं. सगळे पट्टीकडे बघत होतो. पुढचं पान कुणी वाचलंच नाही."

"मीही नाही वाचलं," मुलगी म्हणाली. "पंधरा नाही म्हटल्यावर मी लगेच उठले."

"मग आता वाच," सूचीबाई म्हणाल्या.

तिनं खंड स्वतःकडे ओढला. चौकटीखाली पुराची बातमी होती. वाहून गेलेली घरं, मेलेली जनावरं, मदतीचं आवाहन. आणि शेवटी चार ओळी. तिनं त्या वाचल्या, थांबली, आणि मग मोठ्यानं वाचल्या.

"'पाणी ओसरल्यावर पाहता तलावाच्या चार दरवाजांपैकी तीन पूर्ण उघडलेले आढळले. चौथ्याचे चाक अडकलेले आहे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा अद्याप ठाव लागलेला नाही.'"

समितीनं त्याच दिवशी मुलीचं नाव साफ केलं. नानांनी अध्यक्षपद सोडलं. पुस्तकात चिकटवायचं शुद्धिपत्र त्यांनी तिथेच बसून स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. 'हा अंक मी पाहिला नव्हता. असा अंक निघाला नव्हता.' खाली सही केली.

प्रकल्पाचा प्रश्न मात्र तसाच होता. पाच संदर्भांतला एकही उरला नव्हता. हातात एकेरी कागदाचा एक अंक. मार्गदर्शकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. मुलगी रोज येऊ लागली. जिल्ह्याच्या दप्तरातून तलावावरच्या पाळ्यांची वही मागवली, ती पुरातच गेलेली निघाली. वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांना भेटून आली. एकानं सांगितलं, पहारेकरी चाक फिरवताना दिसला होता. दोनच प्रश्नांत कळलं, की त्या रात्री तो म्हातारा स्वतःच परगावी होता. तिनं त्याचं म्हणणं गाळलं. गाळताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

शेवटच्या दिवशी तिनं निष्कर्षाचं पान सूचीबाईंपुढे ठेवलं. वडील बरोबर होते. कामावरून तसेच आले होते.

बाईंनी वाचलं. "'पहारेकऱ्यानं तीन दरवाजे उघडले.' हे कुठून आलं?"

मुलीनं ओठ चावला. "दुसरं कोण होतं तिथे, बाई? तीन दरवाजे आपोआप उघडतात का? चाक फिरवायला माणूस लागतो!"

"मलाही तसंच वाटतं. पण हा कागद तसं म्हणतो का?"

तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. अखेर तिनं रबर घेतलं, ओळ पुसली आणि नवीन लिहिली. 'तीन दरवाजे उघडलेले आढळले. ते कोणी उघडले, याची नोंद मिळत नाही. पहारेकरी झोपला होता, या विधानालाही कुठलाच आधार मिळत नाही.'

"कुणी उघडले ते नाही लिहिलंस?" वडिलांनी विचारलं.

"नाही, बाबा. कागदात नाही ते मला लिहिता येत नाही. लिहिलं तर माझ्यात आणि नानांत फरक काय राहिला?"

वडिलांनी ते पान हातात घेतलं. अक्षरं लागेनात, तसं दूर धरलं. मग परत तिच्या हाती दिलं.

"कागदात आहे तेवढं वाच," ते म्हणाले. "झोपल्याचं वाचू नकोस, ते मी खूप ऐकलंय. दरवाजांचं वाच."

मुलीनं वाचलं, "तीन दरवाजे उघडलेले आढळले."

"अजून एकदा," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."